सायलेन्सर बदलला, आता कार्बोरेटर कसं लावायचं? (क्लासिक ३५०, यूसीई)

मावळवाट
मंडळी नमस्कार. गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, २०१४ ची, यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेलं), कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग). मूळ सायलेन्सर खालून गंजून भोक पडलं होतं, म्हणून बाजारातला फ्री-फ्लो (वायूला कमी अडवणारा) बसवला. बेंड पाईप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी) मूळचाच आहे. एअर फिल्टरला आणि त्याच्या डब्याला हात लावलेला नाही.

तेव्हापासून तीन त्रास सुरू झाले. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट फटाके. अर्ध्या थ्रॉटलला चढावर गाडी अडखळते, जणू पेट्रोल पोचत नाही. आणि सकाळी चोक पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं, "मेन जेटला बारीक ड्रिल मारतो, पाच मिनिटांचं काम." (जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा.) माझं मन घेत नाही. नुसता स्क्रू फिरवून भागेल असंही वाटत नाही. ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी सांगावं: सुरुवात कुठून करायची आणि कुठल्या क्रमाने जायचं?

साधामाणूस
ड्रिल मारू देऊ नका. बाकी जाणकार येतीलच.

कोल्हापुरी पाना
मावळवाट, ड्रिल नको म्हणालात हे फार बरं केलंत. जेटचं भोक नुसतं किती मोठं एवढ्यावर काम होत नाही, त्याच्या तोंडाचा उतार आणि आतला गुळगुळीतपणा यावरही पेट्रोल किती जातं ते ठरतं. ड्रिल मारला की त्यावरच्या आकड्याला अर्थच उरत नाही. पुढे एक पायरी मागे यायचं म्हटलं तर कशावरून येणार? नाना पेठेत मिकुनीचे जेट मिळतात. जुन्यावरचा आकडा भिंगातून वाचा आणि त्याच्या पुढचे दोन-तीन घेऊन या. दुकानात अस्सल आणि नक्कल दोन्ही एकाच डबीत पडलेले असतात, एवढं बघून घ्या.

आता मूळ मुद्दा. सायलेन्सर मोकळा झाला की जळालेला वायू लवकर आणि जास्त बाहेर पडतो, त्या जागी ताजी हवा जास्त येते. कार्बोरेटरला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यातून पेट्रोल येणार जेटच्या भोकाएवढंच. कारखान्यातून गाडी आधीच प्रदूषणाच्या नियमासाठी थोडी कोरड्या बाजूला लावलेली असते. त्यात हे झालं की मिश्रण आणखी लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. तुमचे तिन्ही त्रास त्यातलेच दिसतात.

पण कार्बोरेटर उघडायच्या आधी गळती बघा. बेंड पाईप इंजिनाच्या हेडला जिथे बसतो तिथली गॅस्केट, आणि बेंड व सायलेन्सरचा जोड. तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली की थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल पाईपमध्येच पेटतं आणि फटाके वाजतात. इंजिन गार असताना साबणाचं पाणी लावा, गाडी सुरू करा, सायलेन्सरच्या तोंडाशी जाड फडका धरा. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. दुसरीकडे कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधलं रबर. दहा वर्षांत त्याला भेगा पडतातच. त्या भेगेतून हवा येत असेल तर जगातला कुठलाही जेट घाला, गाडी सुधारणार नाही.

एअर फिल्टर स्वच्छ, प्लग नवे (३५० यूसीईला दोन असतात, दोन्ही बदला), फ्लोट-बाऊल (कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी) साफ. टॅपेटची (व्हॉल्व्हच्या फटीची) चिंता तुम्हाला नाही, यूसीईत हायड्रॉलिक आहेत, फट आपोआप जुळते. एवढं झाल्यावरच पुढे.

पुढचं काम थ्रॉटलच्या जागेनुसार करायचं, वेगानुसार नाही. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्विचच्या डबीवर चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. बंदपासून पावपर्यंत स्लो जेट आणि स्क्रू बोलतात. पाव ते पाऊण नीडल, म्हणजे मेन जेटच्या वाटेत वर-खाली होणारी निमुळती सुई. पाऊणच्या पुढे मेन जेट. "साठला अडखळते" या वाक्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही, "अर्ध्या थ्रॉटलला अडखळते" म्हटलं की नीडलकडे बोट जातं. तुम्ही नेमकं तसंच लिहिलंय, म्हणून एवढं टाईप केलं.

क्रम: आधी मेन जेट, मग नीडल, मग स्लो जेट आणि स्क्रू, शेवटी रेस (मूठ बंद असतानाची इंजिनाची गती).

पायलटस्क्रू
पाना भाऊंशी गळतीपर्यंत शंभर टक्के सहमत. क्रमाबद्दल नाही.

पुस्तकातला क्रम तोच आहे, मान्य. तो शर्यतीच्या गाडीसाठी ठीक. बुलेटवाला पुण्यात पूर्ण थ्रॉटल कधी देतो? सिंहगड रोडवर तर दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही. ऐंशी टक्के वेळ गाडी पाव थ्रॉटलच्या आत चालते. मावळवाट यांचा चोकचा त्रास आणि फटाके दोन्ही स्लो जेटच्या प्रांतातले आहेत. मी आधी तेच नीट करीन.

कोल्हापुरी पाना
पायलटस्क्रू, शहरातली तक्रार स्लो जेटची असेलही. पण मेन जेटमधून येणारं पेट्रोल नीडलच्या बाजूने वर जातं. मेन बदलला की अर्ध्या थ्रॉटलचंही थोडं बदलतं. आधी स्लो आणि नीडल लावलं आणि मग मेन बदलला, की नीडल पुन्हा लावायची. आणि पूर्ण थ्रॉटलला लीन राहणं हे इंजिनाला सगळ्यात घातक. चौथ्या गिअरमध्ये खंबाटकी चढताना मागे माणूस आणि सामान असेल तर मूठ आपोआप शेवटपर्यंत जाते. तिथे पिस्टन तापतो.

विदर्भवारा
इथे नागपुरात मे महिन्यात ४५ अंश असते बाप्पा, इंजिनाच्या आधी चालकच लीन होतो! :)

पण खरं सांगतो, तापमानानं फरक पडते. गरम हवा विरळ, म्हणून उन्हाळ्यात तीच गाडी थोडी रिच (पेट्रोल जास्त) वाटते आणि डिसेंबरच्या पहाटे तीच लीन. ट्यूनिंग दुपारी दोनला केलं आणि सकाळी सहाला गाडी अडखळली तर लगेच जेट बदलायला धावू नका.

थंडप्लग
एक फार महत्त्वाची गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. यावरून अर्धी गॅरेजेस उलटं काम करतात.

कार्बोरेटरच्या बाजूला जो छोटा स्क्रू असतो तो दोन प्रकारचा. जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर मिककार्बचं व्हीएम कार्बोरेटर असतं, स्लाइड (हवेची वाट उघडणारी सरकती झडप) थेट केबलने उचलणारं. त्यात हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि तो हवा मोजतो. बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण लीन होतं. मावळवाट यांच्या यूसीईवर बीएस जातीचं कार्बोरेटर आहे. त्यात केबल फक्त बटरफ्लाय झडप फिरवते, स्लाइड इंजिनाच्या ओढीने, डायफ्रॅमवर (रबरी पडद्यावर) उचलली जाते. यात स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो मिश्रण मोजतो. बाहेर काढला की गाडी रिच होते. अगदी उलट.

म्हणून "दीड आटा बाहेर काढ" असा सल्ला कुणी दिला तर आधी विचारा, कुठल्या कार्बोरेटरचा. अनेक गाड्यांत या स्क्रूवर कारखान्यातून धातूचं बूच ठोकलेलं असतं, ते काढल्याशिवाय स्क्रू दिसतच नाही. आणि आत घट्ट करताना हलक्या हाताने, नुसता टेकेपर्यंत. जोर लावला तर टोक आतल्या भोकात रुतून मोडतं आणि मग कार्बोरेटरच बदलावं लागतं.

डायफ्रॅमही उजेडासमोर धरून बघा. त्याला टाचणीएवढं भोक असलं तरी स्लाइड पुरती उचलत नाही आणि लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखी येतात.

अबोली
मी गाडीतलं काही जाणत नाही, तरी लिहिते. आमचं घर रुग्णालयाच्या समोर आहे. रात्री अकराला या फटफट्या जातात तेव्हा लहान बाळं दचकून उठतात, समोरच्या वॉर्डातले पेशंट उठत असणार. गाडी कशी पळते याची एवढी चर्चा झाली, आवाजाचं कुणी बोलतच नाही. मूळ कंपनीचा सायलेन्सर का नाही बसवला?

मावळवाट
अबोलीताई, तुमचं म्हणणं रास्त आहे. मी घेतलेला सायलेन्सर आत जाळी आणि ग्लासवूल असलेला आहे, सरळ नळी नाही. तरी मूळच्यापेक्षा आवाज जाड आहे हे खरं. आवाज मोजून घेतो आणि इथे लिहितो.

थंडप्लग, स्क्रूचं कळलं, फार उपयोगी. माझ्या गाडीत बूच आहे.

साधामाणूस
ताईंना पूर्ण पाठिंबा. कायदाही आहे. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिने कैद होऊ शकते आणि लायसन्स तीन महिने अपात्र. जप्त सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील.

जुनाबाज
बुलेटवाल्यांनी सगळा धागा व्यापला, थोडं यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स१०० बद्दल लिहू द्या!

टू-स्ट्रोकला सायलेन्सर म्हणजे इंजिनाचा अर्धा भाग. फुगीर पोटाच्या पाईपमधून दाबाची लाट परत येते आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. ही लाट ठरावीक आरपीएमलाच वेळेवर पोचते. म्हणून पाईपची लांबी आणि पोटाचा आकार बदलला की ताकद कुठल्या आरपीएमला येणार तेच बदलतं. बाजारातला एक्सपान्शन चेंबर (असा फुगीर पाईप) लावून मेन जेट तसाच ठेवला तर वरच्या आरपीएमला लीन होऊन पिस्टन चिकटतो. फोर-स्ट्रोक लीन असली तर कुरकुरते, टू-स्ट्रोक थेट जाम होते, तीही वेगात असताना. क्लचवर बोटं ठेवून चालवायची सवय आम्हाला त्यामुळेच लागली.

अजून एक. ऑइल पंप काढून जे पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळतात त्यांनी ध्यानात घ्यावं: तेल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं. म्हणजे जादा तेल घातल्याने मिश्रण लीन होतं. बरेच जण "सुरक्षित" म्हणून जादा तेल ओततात आणि जेटकडे बघतच नाहीत.

चकवा
सगळे मोकळ्या सायलेन्सरच्या मागे लागलेत, पण इंजिनाला बॅक प्रेशर लागतंच. ते गेलं की पिकअप जातो. हे जेटने भरून निघत नाही. आमच्या गावचा मिस्त्री तीस वर्षं हेच सांगतोय.

थंडप्लग
चकवा, मिस्त्रींचा अनुभव खरा आहे, पिकअप जातो. कारण मात्र वेगळं. दाब अडवून धरल्याचा फोर-स्ट्रोकला फायदा नाही. फायदा असतो तो पाईपमधल्या वायूच्या वेगाचा. ठरावीक जाडी-लांबीच्या नळीतून वायू वेगाने जातो, मागे थोडी पोकळी ठेवतो, ती पोकळी दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर उघडे असताना ताजं मिश्रण आत ओढते. नळी फार जाड किंवा फार आखूड केली की कमी आरपीएमला हा वेग पडतो. क्लासिकचा जास्तीत जास्त टॉर्क ४००० आरपीएमलाच येतो, सगळी मजा खालच्या आरपीएमला आहे, म्हणून तिला हे जास्त जाणवतं. मावळवाट यांनी बेंड पाईप मूळचा ठेवलाय हे उत्तम केलं.

चकवा
वेग म्हणा नाहीतर प्रेशर म्हणा, आखूड बाटली (सायलेन्सर) लावू नये हे तर दोघांचं सारखंच आहे ना! मिस्त्रींना तुमचं वाचून दाखवतो.

नेक्कारकाठ
श्टुटगार्टहून लिहितोय. इथे बाजारातल्या सायलेन्सरवर त्या गाडीसाठी मंजुरीचा ई-शिक्का असावा लागतो. आवाज आणि धूर त्या मॉडेलवर तपासलेला असतो, त्यामुळे तसा सायलेन्सर लावल्यावर सहसा जेट बदलावा लागत नाही. तोंडाशी एक काढता येणारा भाग असतो, डीबी-किलर. तो काढला की गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगीच जाते, आणि कार्बोरेटरवाली गाडी असेल तर ट्यूनिंगही बिघडतं. आपल्याकडच्या बऱ्याच फ्री-फ्लोमध्ये असा भाग असतो. मावळवाट, तुमच्यात असेल तर तो लावून ट्यूनिंग करा आणि मग काढू नका. ताईंचा प्रश्नही बराचसा सुटेल.

पायलटस्क्रू
नेक्कारकाठ, सुंदर मुद्दा. डीबी-किलर लावून-काढून दोन्हीकडे चालणारं ट्यूनिंग नसतं.

आता पेट्रोलबद्दल. २०२३ पासून ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) पंपांवर यायला लागलं, आता बहुतेक सगळीकडे तेच आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी पुरते. शुद्ध पेट्रोलला एक भागाला १४.७ भाग हवा, ई२० ला साधारण १३.५. २०१४ च्या गाडीचे जेट ई२० डोळ्यांपुढे ठेवून निवडलेले नाहीत. म्हणजे मावळवाट यांची गाडी सायलेन्सर बदलायच्या आधीच थोडी लीन झाली होती. दहा वर्षांपूर्वी लोकांनी लिहिलेले आकडे आज जसेच्या तसे घेऊ नका. त्यावर एक पायरी जास्त लागली तर नवल नाही.

आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाऊलच्या तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल काढून टाका. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, ते तळाला बसतं आणि स्लो जेटचं बारीक भोक आधी बुजतं.

विदर्भवारा
मग प्लगचा रंग कसा वाचायचा? आधी विटकरी आला की झालं म्हणायचो. आता ई२० वर सगळेच प्लग पांढुरके दिसून राहिले.

कोल्हापुरी पाना
विदर्भवारा, चिनीमातीच्या टोकाचा रंग आता भरवशाचा नाही. खाली, चिनीमाती जिथे आत धातूत शिरते तिथे बारीक काळसर कडी दिसते का ते बघा, तीही नवा प्लग घालून पूर्ण थ्रॉटलला चालवून, लगेच क्लच दाबून इंजिन बंद केल्यावर. रेसवर घरापर्यंत येऊन काढलेला प्लग फक्त रेसचा रंग दाखवतो.

त्यापेक्षा दोन सोप्या चाचण्या. पूर्ण थ्रॉटलला गाडी ओढत असताना मूठ अगदी किंचित मागे घ्या. गाडी उलट जरा पुढे सरसावली तर मेन जेट लहान आहे. किंचित मंदावली तर बरोबर. आणि ज्या थ्रॉटलला अडखळते तिथे चोक थोडा ओढून बघा. सुधारली तर लीन, आणखी बिघडली तर रिच. हे सगळं मोकळ्या रस्त्यावर नव्हे, घाटाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये करा, वेग आटोक्यात राहतो.

जुनाबाज
आणि चढावर वर-वर जाताना हवा विरळ होते हेही विसरू नका. पुण्यात लावलेली गाडी महाबळेश्वरला, म्हणजे आठशे मीटर वर, थोडी रिच होणारच. लेहला तर साडेतीन हजार मीटरवर हवा जवळपास एक तृतीयांशाने विरळ. तिकडे जाणाऱ्यांनी मूळचा लहान जेट टूलकिटमध्ये ठेवावा.

मावळवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. जे केलं ते लिहितो.

बेंड आणि सायलेन्सरच्या जोडाला साबणाचे बुडबुडे आले. नवा क्लॅम्प आणि गॅस्केट घातल्यावर निम्मे फटाके तिथेच गेले. इंजिनाकडच्या रबराला आतून भेग होती, तेही बदललं. डायफ्रॅम ठीक निघाला.

मग पाना भाऊंच्या क्रमाने गेलो. मेन जेट मूळच्यापेक्षा दोन पायऱ्या मोठा घातल्यावर चढावर पूर्ण थ्रॉटलला जड, घुसमटल्यासारखी ओढायची, म्हणून एक पायरी मागे आलो. तो बसला. अर्ध्या थ्रॉटलचं अडखळणं थोडं उरलं होतं. माझ्या नीडलला क्लिपच्या वेगवेगळ्या खाचा नाहीत, म्हणून तिच्याखाली पातळ वॉशर सरकवून ती किंचित वर उचलली. अडखळणं गेलं. स्लो जेट बदलावा लागला नाही. बूच काढून स्क्रू मूळच्या जागेपासून थोडा बाहेर घेतला, रेस जिथे सगळ्यात वर आणि सारखी झाली तिथे ठेवला, मग रेस खाली आणली. सकाळी चोक आता जेमतेम लागतो.

ड्रिलवाल्या मेकॅनिकलाच सोबत घेतलं होतं. जुने-नवे जेट भिंगाखाली त्याने स्वतः बघितले आणि चिकटपट्टीची युक्ती त्याला फार आवडली.

नेक्कारकाठ, डीबी-किलर होता, दुकानदाराने काढून वेगळ्या पिशवीत दिला होता! तो बसवूनच सगळं केलं. अबोलीताई, फोनवर मोजलेला आवाज मी पुरावा मानत नाही, पण शेजारच्या काकूंना गच्चीतून ऐकायला सांगितलं, त्यांना जुन्यात आणि यात फरक कळला नाही. रात्री आमच्या बोळातून गाडी बंद करून ढकलत नेतो.

अबोली
मावळवाट, ढकलत नेता हे वाचून खूप बरं वाटलं. काकूंनाही नमस्कार सांगा.

थंडप्लग
छान काम. फटाके अगदी थोडे उरले असतील तर त्यांच्या मागे लागू नका. ते पूर्ण घालवायला स्लोला रिच करत गेलात तर सिग्नलवर प्लग काळे होतील. पीयूसी केंद्रावर एकदा जा आणि रेसवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघून घ्या. रिच झाली की तो झपाट्याने चढतो. स्क्रू नेमका किती फिरवायचा यासाठी गॅरेजवाल्याच्या कानापेक्षा ते यंत्र बरं.

मावळवाट
उद्याच जातो. स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवून :)

रातराणी७५
धागा आवडला. माझ्याकडे जुनी होंडा युनिकॉर्न आहे, तिला खुला एअर फिल्टर लावायचा विचार आहे, सायलेन्सर मूळचाच. यातलं काय-काय लागू पडेल?

कोल्हापुरी पाना
रातराणी, तिच्यावरही डायफ्रॅमवालं कार्बोरेटर आहे. स्लाइड उचलायला आतल्या डब्यातल्या हवेचा दाब स्थिर लागतो, खुल्या फिल्टरने तोच हलतो. जेट कितीही बदला, मधल्या थ्रॉटलला घोळ राहतो. मूळचा डबा काढू नका, नवा फिल्टर घाला. तरी करायचंच असेल तर वेगळा धागा काढा, येतो तिकडे. आणि कार्बोरेटरच्या बाऊलचे स्क्रू साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने उघडू नका, त्यांची खाच जपानी मापाची असते, डोकी झिजतात. त्या मापाचा स्क्रूड्रायव्हर आधी आणा.